विजेचे नियम आणि नवं तंत्रज्ञान: पैसे नेमके कशाचे मिळतात?

वीज कोळशाच्या केंद्रातून आली काय आणि पवनचक्कीतून आली काय, दिवा सारखाच लागतो. वापरणाऱ्याला तिच्यात काडीचाही फरक जाणवत नाही. ऊर्जेच्या क्षेत्रात नवं तंत्रज्ञान इतकं सावकाश का येतं, याचं बरंचसं उत्तर या साध्या गोष्टीत आहे. नवं औषध निघालं की रुग्णाला पूर्वी न मिळणारं काहीतरी मिळतं आणि त्यासाठी तो जास्त पैसे मोजतो. नवा फोन आला की हौशी गिऱ्हाइकं सुरुवातीची चढी किंमत देतात, त्या पैशातून पुढचं संशोधन होतं आणि हळूहळू किंमत उतरते. विजेच्या धंद्यात ही पहिली पायरीच नसते. नव्या पद्धतीनं तयार झालेल्या विजेला पहिल्या दिवसापासून जुन्या, कर्ज फिटलेल्या केंद्रांशी झुंजावं लागतं, आणि तेही निव्वळ किमतीवर.

मग सुरुवातीची महागडी वर्षं निभावायला पैसा कुठून येतो? बहुतेक वेळा कुठल्यातरी सरकारी नियमातून. आणि तो अडतो तेव्हाही बहुतेक वेळा नियमामुळेच अडतो. ‘सरकारी नियम नव्या कल्पनांचा गळा घोटतात’ आणि ‘सरकारशिवाय या क्षेत्रात काही नवं घडतच नाही’ ही दोन्ही वाक्यं आपण नेहमी ऐकतो, आणि दोन्हींना भरपूर पुरावा सापडतो. माझ्या मते नियम किती आहेत हा प्रश्न दुय्यम आहे. तो नियम कंपनीला नेमके कशाचे पैसे देतो, हे आधी पाहायला हवं. कंपन्यांची हुशारी त्या दिशेनं धावते.

तारा एकाच कंपनीच्या का?

एका रस्त्यावर दोन कंपन्यांनी खांब रोवले, दोन्हींनी तारा ओढल्या, तर खर्च दुप्पट होतो आणि गिऱ्हाइकं तेवढीच राहतात. तारा, खांब, रोहित्रं यांचा खर्च एकदाच आणि प्रचंड असतो; त्यानंतर आणखी एक घर जोडायला फारसं काही लागत नाही. अशा धंद्यात एकच कंपनी सगळ्यांना पुरवठा करते तेव्हा तो सर्वांत स्वस्त पडतो. अर्थशास्त्र याला नैसर्गिक मक्तेदारी म्हणतं. पण एकटी कंपनी मनाला येईल तो दर लावू शकते, म्हणून नियामक आयोग हवा.

नियमन हवं ही मागणी उद्योगातूनही आली होती. शिकागोतले वीज-उद्योजक सॅम्युएल इन्सल यांनी 1898 मध्ये वीज कंपन्यांच्या संघटनेपुढे बोलताना राज्य सरकारनं दर ठरवावेत आणि त्या बदल्यात कंपनीला त्या भागाचा एकमेव हक्क द्यावा, असा आग्रह धरला. त्यामागे चोख हिशेब होता. प्रतिस्पर्धी येणार नाही आणि दर भरवशाचा राहील असं दिसलं की कर्ज स्वस्तात मिळतं, आणि वीज कंपनीचा अर्धा जीव कर्जाच्या व्याजातच अडकलेला असतो. 1907 पासून अमेरिकेत राज्यांचे आयोग उभे राहू लागले. त्यानंतरच्या काही दशकांत मोठी केंद्रं, उंच मनोरे आणि घरोघरी वीज हे सगळं याच सौद्यातून झालं. तेव्हा तंत्रज्ञानाची दिशाही अनुकूल होती: केंद्र जितकं मोठं, तितकी वीज स्वस्त. जास्त बांधणाऱ्याला जास्त पैसे देणारा नियम त्या काळाला शोभून दिसला.

घोटाळा पुढे झाला. आयोग दर कसा ठरवतो, ते पाहा. इंधन, पगार, दुरुस्ती असा रोजचा खर्च आहे तसा भरून मिळतो. त्यावर नफा नाही. नफा मिळतो तो गुंतवलेल्या भांडवलावर. समजा, आयोगानं 8 टक्के परतावा मंजूर केला आहे आणि कंपनीला भांडवल उभारायला 6 टक्के खर्च येतो. म्हणजे 100 कोटींचं नवं उपकेंद्र बांधलं की दर वर्षी 2 कोटी निव्वळ सुटतात. आता कुणी येऊन सांगितलं की, संध्याकाळच्या वेळी मागणी थोडी मागेपुढे करणारं सॉफ्टवेअर घेतलंत तर हे उपकेंद्र लागणारच नाही, आणि खर्च होईल फक्त 10 कोटी. गिऱ्हाइकासाठी हा सोन्यासारखा सौदा आहे. कंपनीला मात्र सॉफ्टवेअरच्या वर्गणीवर काहीच मिळत नाही आणि उपकेंद्राचे 2 कोटी हातचे जातात. ती काय निवडेल? हार्वे ॲव्हर्च आणि लेलंड जॉन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी 1962 मध्ये हीच गोष्ट गणितानं मांडली: परतावा भांडवलावर बांधला की कंपनी गरजेपेक्षा जास्त भांडवल ओतते. यात कुणी लबाडी करत नाही. नियम ज्याचे पैसे देतो, ते होतं.

वीज कमी वापरा असं सांगण्यातही हीच अडचण होती, कारण विक्री घटली की कंपनीचं उत्पन्न घटणार. कॅलिफोर्नियानं 1982 मध्ये वीज कंपन्यांचं उत्पन्न विक्रीच्या युनिटांपासून वेगळं केलं. मंजूर रकमेपेक्षा कमी वसुली झाली तर पुढच्या दरात भरपाई, जास्त झाली तर परतफेड. त्यामुळे कंपनीला काटकसरीची भीती उरली नाही. बदल कागदावरचा होता, एक यंत्रही नवं बसलं नाही, पण कंपनीच्या आत कुठल्या प्रस्तावाला होकार मिळतो ते बदललं.

स्वस्ताईचा नियम आणि बंद पडलेल्या प्रयोगशाळा

खर्च वाढवणाऱ्याला बक्षीस मिळतं हे खटकल्यावर ब्रिटननं उलटी वाट धरली. अर्थशास्त्रज्ञ स्टीफन लिटलचाइल्ड यांनी 1983 मध्ये टेलिफोन कंपनीसाठी एक सूत्र सुचवलं आणि 1990 च्या सुमारास खासगीकरण झाल्यावर ते वीज कंपन्यांनाही लागू झालं. दर महागाईच्या वेगानं वाढू द्यायचा, पण त्यातून ठरावीक टक्के वजा करायचे. आणि हे काही वर्षांसाठी पक्कं. त्या मुदतीत कंपनीनं जितका खर्च वाचवला, तितका तिचा. मुदत संपली की नवा हिशेब, आणि बचतीचा फायदा स्वस्त दरातून गिऱ्हाइकाकडे.

कार्यक्षमता वाढली, दर उतरले. पण सगळ्यात आधी कात्री लागली ती संशोधनाला. कारण उघड आहे. आज प्रयोगशाळेत घातलेला पैसा दहा वर्षांनी फळ देणार, तोवर दराचा फेरहिशेब झालेला असणार आणि फळ दुसऱ्याच्या ताटात जाणार. नोकरकपातीची बचत मात्र याच वर्षी खिशात पडते. ब्रिटनच्या तारा सांभाळणाऱ्या कंपन्यांचा संशोधनावरचा खर्च खासगीकरणानंतर जवळजवळ आटला.

इथे मला ब्रिटिश नियामकाचं कौतुक वाटतं. ऑफजेम या संस्थेनं हा परिणाम मान्य केला आणि 2005 मध्ये संशोधनाच्या खर्चासाठी वेगळी सोय केली. 2010 मध्ये नव्या प्रयोगांसाठी 50 कोटी पौंडांचा निधी ठेवला आणि 2013 पासून सूत्रच बदललं. आता कंपनीचं उत्पन्न तिनं काय साध्य केलं यावर अवलंबून असतं: पुरवठा किती वेळा खंडित झाला, नवी जोडणी किती दिवसांत दिली. यंत्र विकत घेतलं की सेवा भाड्यानं घेतली, यानं नफ्यात फार फरक पडू नये अशीही व्यवस्था केली. स्वतःच्या जुन्या सूत्राचा दुष्परिणाम मोजून ते बदलणारी नियामक संस्था कुठेही विरळाच.

धुराड्यातल्या गंधकाची गोष्ट

आतापर्यंत दराचं बोललो. नियमनाचं दुसरं मोठं कारण धूर आहे. केंद्राच्या धुरानं दूरच्या माणसाला दमा होतो, तळी आम्लयुक्त होतात, पण हा खर्च कुणाच्याही बिलात येत नाही. अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी 1920 मध्येच सांगितलं होतं की असं नुकसान किमतीत दिसलं नाही तर बाजार चुकीचा माल जास्त बनवतो. किमतीत ते कसं आणायचं, हा प्रश्न. अमेरिकेनं गंधकाच्या बाबतीत दोन वेगळ्या पद्धती वापरून पाहिल्या, म्हणून हा अनुभव मला या विषयातला सर्वांत शिकवणारा वाटतो.

1970 च्या दशकातल्या कायद्यानं कडक अटी प्रामुख्यानं नव्या केंद्रांना घातल्या. 1977 च्या दुरुस्तीनं तर गंधकाचा ठरावीक टक्का धुरातून काढलाच पाहिजे असं सांगितलं. म्हणजे कमी गंधकाचा कोळसा जाळला तरी धूर धुणारं महागडं यंत्र बसवणं भाग. परिणाम दोन झाले. नवं केंद्र महाग पडू लागल्यानं जुनी, जास्त धूर ओकणारी केंद्रं दुरुस्त्या करून करून वर्षानुवर्षं चालवली गेली. आणि यंत्राच्या संशोधकांनी ते स्वस्त करण्यावर डोकं लावलं. जास्त गंधक पकडण्यावर नाही. ठरल्यापेक्षा जास्त पकडण्याचे पैसे कुणीच देत नव्हतं.

1990 मध्ये थोरल्या जॉर्ज बुश यांच्या काळात पद्धत बदलली. देशातल्या वीज केंद्रांतून एकूण किती गंधक (म्हणजे सल्फर डायऑक्साइड वायू) हवेत जाऊ द्यायचा त्याला कमाल मर्यादा घातली. 1980 च्या तुलनेत वर्षाला 1 कोटी टन घट हे लक्ष्य. त्या मर्यादेइतके परवाने वाटले, एक परवाना म्हणजे एक टन. कमी सोडणाऱ्यानं उरलेले परवाने विकावेत, जास्त सोडणाऱ्यानं विकत घ्यावेत. 1995 मध्ये पहिल्या टप्प्यात 110 केंद्रं आली. धुराड्यावर सतत मोजणारी यंत्रं बसली आणि परवान्याशिवाय सोडलेल्या प्रत्येक टनाला 2,000 डॉलर दंड. कसं करायचं ते मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं.

काहींनी यंत्रं बसवली. अनेकांनी पश्चिमेकडच्या वायोमिंग राज्यातल्या पावडर नदीच्या खोऱ्यातला कमी गंधकाचा कोळसा मागवला. तो कोळसा तिथे आधीही होता, पण दूर होता. 1980 मध्ये रेल्वेच्या मालवाहतुकीवरचे दरनियम सैल झाले, चढाओढ वाढली आणि भाडं उतरलं. एका क्षेत्रातले नियम सुटले म्हणून दुसऱ्या क्षेत्रातला नियम पाळणं स्वस्त झालं. असं कुठल्या आराखड्यात आधी लिहून ठेवता येत नाही. जुन्या भट्ट्यांत दोन जातींचे कोळसे मिसळून जाळण्याचं तंत्रही याच काळात पुढे गेलं. गंधक अंदाजापेक्षा बऱ्याच कमी खर्चात घटला.

डेव्हिड पॉप या अर्थशास्त्रज्ञानं या यंत्रांची पेटंटं तपासली. 1990 च्या आधीच्या पेटंटांनी यंत्राचा खर्च कमी केला, पण त्यानं यंत्र जास्त गंधक पकडू लागलं नाही. 1990 नंतर मात्र गंधक पकडण्याची क्षमता सुधारू लागली, कारण आता पकडलेल्या प्रत्येक जादा टनाचा परवाना विकता येत होता. गंधक तोच, यंत्रही त्याच जातीचं. फक्त नियम बदलला आणि संशोधकांची दिशा बदलली.

परवान्यांचा बाजार हा काही रामबाण नाही. युरोपनं 2005 मध्ये कार्बनसाठी असाच बाजार सुरू केला, पण सुरुवातीला गरजेपेक्षा जास्त परवाने वाटले आणि ते पुढच्या टप्प्यासाठी साठवू दिले नाहीत. 2007 मध्ये त्यांची किंमत जवळपास शून्यावर आली. पुढेही कित्येक वर्षं ती 10 युरोच्या खाली राहिली आणि तेवढ्यासाठी कुणी नवं तंत्रज्ञान आणणार नव्हतं. 2019 पासून जादा परवाने बाजूला काढून ठेवण्याची व्यवस्था लागू झाली, मर्यादा आवळली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये किंमत 100 युरोच्या पुढे गेली. केंद्र तीस-चाळीस वर्षांसाठी बांधलं जातं. आजची किंमत उद्या टिकेल याचा भरवसा नसेल तर चढी किंमतही गुंतवणूकदाराला हलवत नाही.

भरवसा, आणि तो मोडल्यावर

धुराचे पैसे भरायला लावले म्हणून नवं तंत्रज्ञान आपोआप येत नाही. त्यात आणखी एक अडचण आहे. पहिला कारखाना उभारणारा चुका करतो, पैसे घालवतो, शिकतो. आणि ते शिकलेलं दुसऱ्याला जवळजवळ फुकट मिळतं. मग पहिलं कुणी व्हायचं? सौर पट्ट्यांच्या बाबतीत हा खर्च मोठ्या प्रमाणात जर्मनीतल्या वीज ग्राहकांनी उचलला. 2000 च्या कायद्यानुसार सौर वीज ठरलेल्या चढ्या दरानं 20 वर्षं विकत घेण्याची हमी मिळाली. नव्या जोडण्यांसाठी हा दर टप्प्याटप्प्यानं उतरत जाणार, हेही कायद्यात होतं, त्यामुळे स्वस्त बनवण्याची घाई कायम राहिली. मागणी पक्की दिसल्यावर चीनमध्ये प्रचंड कारखाने उभे राहिले. जगात बसवलेल्या एकूण पट्ट्या दुप्पट झाल्या की किंमत साधारण पाचव्या हिश्शानं उतरते, असा अनेक दशकांचा अनुभव आहे, आणि तो चालू राहिला. जर्मन कुटुंबांच्या बिलावर यासाठी जो अधिभार होता तो काही वर्षं युनिटला 6 सेंटच्या वर गेला. 2022 मध्ये तो काढला. हा पैसा वाया गेला असं मला वाटत नाही, पण तो कुणी भरला आणि फायदा कुणाला झाला याचा हिशेब नीट सांगायला हवा. भरला एका देशानं, स्वस्ताई मिळाली साऱ्या जगाला.

स्पेननं तशीच हमी दिली, पण दर उदार ठेवला आणि किती क्षमतेला द्यायचा याचा लगाम सैल सोडला. एकट्या 2008 मध्ये तिथे 2.5 गिगावॅटहून जास्त सौर क्षमता बसली. बोजा पेलेना, तेव्हा सरकारनं आधी नव्या प्रकल्पांना मर्यादा घातली आणि 2010 नंतर जुन्या प्रकल्पांना दिलेलं वचनही कमी केलं. गुंतवणूकदार आंतरराष्ट्रीय लवादांपुढे गेले. दिलेला शब्द मागे घेतला की पुढचा प्रत्येक कर्जदाता त्या जोखमीचं जादा व्याज मागतो. सौर आणि पवन प्रकल्पांत जवळजवळ सगळा खर्च सुरुवातीलाच असतो, इंधन फुकट. म्हणून व्याजाचा एक टक्का इथे कोळशाच्या केंद्रापेक्षा कितीतरी जास्त बोचतो.

मग दर सरकारनं ठरवण्याऐवजी लिलावात ठरू द्यावा. ब्रिटननं समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी हेच केलं आणि 2015 आणि 2019 च्या लिलावांदरम्यान दर मेगावॅट-तासाला (म्हणजे 1,000 युनिटांना) 114 ते 120 पौंडांवरून 40 च्या आसपास आला. पण लिलावालाही सरकार वरची मर्यादा घालतं. 2023 मध्ये पोलाद आणि व्याज दोन्ही महागले असताना ती 44 पौंडांवर ठेवली आणि समुद्रातल्या पवनचक्कीसाठी एकही बोली आली नाही. पुढच्या वर्षी मर्यादा 73 केली, बोल्या आल्या आणि सौदे 54 ते 59 च्या दरम्यान ठरले. हे सगळे आकडे 2012 च्या किमतींतले आहेत. मर्यादा वाढवूनही दर तिला जाऊन चिकटला नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

अर्धवट मोकळीक सर्वांत घातक. कॅलिफोर्नियात 1998 पासून घाऊक वीज बाजारभावानं, पण घरगुती दर गोठवलेला. 2000 मध्ये घाऊक भाव उसळले. त्यात खऱ्या टंचाईबरोबर व्यापाऱ्यांची हातचलाखीही होती. वितरण कंपन्या महाग घेऊन स्वस्त विकत राहिल्या आणि एप्रिल 2001 मध्ये त्यांतली एक मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली. वापर कमी करावा असा इशारा बहुतेक ग्राहकांच्या बिलापर्यंत पोचलाच नाही. त्या धसक्यानं अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी बाजार खुला करण्याचा विचारच सोडला.

पाच मिनिटं की तीस मिनिटं

कधीकधी नियमातला फरक इतका बारीक असतो की वर्तमानपत्रात त्याची ओळही येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या वीज बाजारात कोणत्या केंद्रानं किती वीज द्यायची हे दर पाच मिनिटांनी ठरायचं, पण पैसे मिळायचे ते तीस मिनिटांच्या सरासरी भावानं. समजा, पाचच मिनिटं भाव आकाशाला भिडला. त्या पाच मिनिटांत वीज देणाऱ्याला सरासरीमुळे त्या भावाचा साधारण सहावा हिस्साच मिळणार, आणि नंतर पंचवीस मिनिटांत सावकाश सुरू झालेलं गॅसचं केंद्रही त्याच सरासरीचा लाभ घेणार. बॅटरी क्षणार्धात वीज देऊ शकते. हा तिचा सर्वांत मोठा गुण. नियम त्या गुणाचे पैसेच देत नव्हता.

हा नियम बदलावा अशी मागणी 2015 मध्ये जस्त शुद्ध करणाऱ्या एका मोठ्या वीज ग्राहक कंपनीनं केली. सावकाश सुरू होणारी केंद्रं ज्यांच्याकडे होती त्यांनी विरोध केला. मीटर आणि संगणक-प्रणाली बदलण्याचा खर्चही खरा होता. 2017 मध्ये आयोगानं बदल मान्य केला. अंमल 1 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाला आणि त्या दिवसापासून तिथे पाच मिनिटांची वीज पाच मिनिटांच्याच भावानं विकली जाते.